नवा पॉवर विडर: इंजिनाला हात लावण्याआधी

पारोळा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंनी विचारलं आहे: "आखाजीला (अक्षय तृतीयेला) सात एचपीचा पेट्रोल पॉवर विडर, म्हणजे निंदणीचं यंत्र, घेतला, मागे रोटरी (फिरती पाती) असलेला. सहा एकर कपाशी आहे, ४ बाय १.५ फुटावर, ठिबकवर. दोन एकर मका. पाऊस पडल्यापासून तीन आठवडे चालवतोय. ओल्या काळ्या रानात इंजिन दबतं, कडक जागी यंत्र उड्या मारतं, गवत गुंडाळतं, एकदा लॅटरलही (ठिबकची नळी) ओढून घेतली. संध्याकाळी हाताला मुंग्या येतात, भाकरी मोडतानाही जाणवतं. इंजिनाची पुली मोठी करू का? गव्हर्नरची स्प्रिंग ताणली तर जोर वाढेल का? सायलेन्सर मोकळा करू? बसायला सीट आणि वर छत्री लावता येईल का?"

भाऊ, माझं वर्कशॉप चोपडा-यावलच्या पट्ट्यात आहे. वेल्डिंग, फॅब्रिकेशन आणि घरची चार एकर केळी-कपाशी. असे विडर दर पावसाळ्यात माझ्या दारात उभे असतात. त्यातले निम्मे तरी नवेकोरे, आणि मालकानेच काहीतरी 'सुधारून' आणलेले. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. तुम्ही पाच तक्रारी लिहिल्या आणि उपाय विचारले ते जवळजवळ सगळे इंजिनाचे. पण त्या पाचांतल्या चार तक्रारींचा इंजिनाशी संबंध नाही. उड्या, गुंडाळणारं गवत, लॅटरल आणि हाताच्या मुंग्या या चाक, दांडी, पाती आणि हँडल यांच्या भानगडी आहेत. इंजिन दबतं ही एकच इंजिनाची वाटते, आणि तीही बहुतेक वेळा नसते. सात एचपी म्हणजे साधारण सव्वापाच किलोवॅट. चार फुटी पट्ट्यातल्या निंदणीला एवढा जोर भरपूर झाला. तो जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, आणि जो पोचत नाही तो तुमच्या मनगटात शिरतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच कबूल करतो. तुमच्याकडे बोरी नदीकाठची भारी काळी आहे की वरची मुरमाड हलकी, हे तुम्ही लिहिलं नाही. दोन्हीकडे चाक वेगळं लागतं. यंत्र बेल्टचं आहे की थेट गिअरचं, तेही लिहिलं नाही. तुमची उंची, तुम्ही सलग किती तास चालवता, आणि वाफसा येण्याची, म्हणजे ओल उतरून रान कामाजोगं होण्याची, वाट बघता की पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी घुसता, यावरही बरंच ठरतं. खरं सांगायचं तर ओल्या काळ्यात दबणारी निम्मी इंजिनं दोन दिवस थांबलं की आपोआप 'दुरुस्त' होतात. मूठभर माती दाबून खांद्याच्या उंचीवरून टाका. गोळा तसाच राहिला तर यंत्र घरी, फुटला तर शेतात.

आधी इंजिनाचं उरकून घेऊ. गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाची गती बांधून ठेवणाऱ्या भागाला, हात लावू नका. या छोट्या पेट्रोल इंजिनांची कमाल गती साधारण ३६०० फेऱ्यांवर बांधलेली असते, आणि त्यामागे कारण आहे. यातल्या बहुतेकांना ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक चमचा असतो, तो तेल उडवतो आणि त्यावर सगळं भागतं. स्प्रिंग ताणली की आवाज वाढतो, माणसाला वाटतं जोर आला. प्रत्यक्षात ओझं पडल्यावर फेऱ्या खाली येतातच, आणि मोकळ्यावर मात्र त्या हद्दीबाहेर जातात. रॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आलेली दोन इंजिनं माझ्या भंगारात पडून आहेत. कोणाला समजावून सांगायचं असलं की मी तीच दाखवतो.

पुलीचं गणित घरीच करून बघा. इंजिनाची पुली ३ इंचाची आहे आणि तुम्ही ४ इंचाची बसवली, तर रोटरची गती एक तृतीयांशाने वाढेल, पण मातीला मिळणारा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, एक चतुर्थांशाने कमी होईल. तुमची तक्रार दबण्याची आहे, म्हणजे तुम्ही नेमकं उलटं करायला निघालात. बेल्ट घसरत असेल तर पुली न बदलता ताण बघा. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बोटाच्या जाडीएवढा दबला की ठीक. नवा बेल्ट पहिल्या दहा तासांत ताणून ढिला पडतोच, तो एकदा परत कसावा लागतो. हे दुकानदार सांगत नाही.

सायलेन्सर मोकळा केल्याने जोर वाढत नाही, बहिरेपणा वाढतो. शिवाय त्यात बहुधा जाळी असते, ती ठिणग्या अडवते. उन्हाळ्यात मक्याच्या वाळक्या धांड्यात यंत्र घातलं आणि ती जाळी नसली, तर काय होईल ते मी सांगायला नको. सायलेन्सरचं तोंड तुमच्याकडे किंवा कपाशीच्या पानाकडे असेल तर पत्र्याचा एक वाकडा तुकडा लावून ते खाली आणि बाहेर वळवा. एवढी सुधारणा करण्यासारखी आहे.

इंजिनासाठी खरोखर करायचं ते वेगळंच आहे आणि स्वस्त आहे. तुमचे तीन आठवडे झाले म्हणजे पहिले वीस तास नक्की उलटले. तेल बदललं का? नसेल तर आजच बदला. गरम इंजिनाचं तेल स्टीलच्या ताटलीत काढा आणि उन्हात धरा. काळ्या तेलात चांदीच्या वर्खासारखे बारीक कण तरंगताना दिसतील. नवे भाग एकमेकांत बसताना झिजले, त्याची ती धूळ. हा वर्ख आत फिरत राहिला की सिलिंडरला ओरखडे. सहाशे मिली तेलाचा प्रश्न आहे. यानंतर पुस्तकात शंभर तास लिहिलेले असतात, पण आपल्या धुळीत आणि उन्हात मी पन्नासावर बदलतो. तेल भरताना यंत्र सपाट जागेवर ठेवा. बांधाला टेकवून भरलेलं तेल कमी तरी असतं नाही तर जास्त.

दुसरं म्हणजे हवेचा फिल्टर. खान्देशात इंजिन मरतं ते धुळीने. कागदी फिल्टरवर फोम असतो, तो साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, दोन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल लावा आणि घट्ट पिळून बसवा. कोरडा फोम बारीक धूळ आत सोडतो. मला विचाराल तर नव्या विडरवर पैसे खर्च करायची पहिली जागा ऑइल बाथ फिल्टर, तुमच्या इंजिनाला बसणारा मिळत असेल तर. जुन्या ट्रॅक्टरवर असतो तसलाच, लहान. हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलातच राहते. दर आठवड्याला वाटी उघडून बघितलं तर तळाशी बोटभर चिखल सापडतो. तेवढा चिखल तुमच्या सिलिंडरमध्ये गेला नाही. फक्त वाटीतल्या खुणेच्या वर तेल भरू नका, नाहीतर इंजिन तेच पिऊन निळा धूर काढेल.

रिकॉइलच्या, म्हणजे दोरीच्या, जाळीमागे पंखा आहे आणि त्याच्यामागे सिलिंडरच्या पट्ट्या. तिथे गवताचा भुसा आणि केळीचा वाळका पाला अडकला की इंजिन तापून दबतं. तुमचं दबणं दुपारी वाढत असेल तर आधी इथे बघा. जाळीवर मच्छरदाणी ताणून लावलेलं एक यंत्र माझ्याकडे आलं होतं. धूळ अडली, हवाही अडली, आणि आठ दिवसांत हेड गॅस्केट गेलं.

पेट्रोलचं एक सांगतो. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या मोटारसायकलला फरक पडत नाही, पण विडर दोन महिने राबतो आणि दहा महिने गोठ्यात उभा राहतो. टाकी आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये साधा पारदर्शक पेट्रोल फिल्टर टाका. काम संपल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी कोरडी होते. हंगाम संपला की टाकीही रिकामी करा.

आता मुख्य गोष्टीकडे, चाकाकडे. मागे रोटरी असलेल्या यंत्रात एक गंमत आहे जी फार कोणी लक्षात घेत नाही. पाती पुढच्या दिशेने फिरतात, म्हणजे ती जमिनीला मागे ढकलतात आणि यंत्राला पुढे. मऊ रानात चाक यंत्राला ओढतं. पण कडक रानात पाती आत शिरत नाहीत, ती जमिनीवर चढतात आणि यंत्र पुढे पळतं. तिथे चाकाचं काम ओढण्याचं नसून अडवण्याचं आहे. चाकाची पकड कमी पडली की यंत्र उडी मारतं आणि तुम्ही हँडल मागे खेचून ब्रेकचं काम करता. दिवसभर ते केलं की खांदे जातात.

हे डोळ्याने बघायचं असेल तर खडू घ्या. चाकाच्या बाजूला एक रेघ मारा. रोटर बंद ठेवून बांधावर शंभर फूट चाला आणि चाकाचे फेरे मोजा. १६ इंची चाकाचे साधारण २४ होतात. मग रोटर लावून शेतात शंभर फूट जा आणि परत मोजा. ओल्या रानात ३० झाले, तर पाचातला एक फेरा फुकट, चाक जागेवर घसरतंय. कडक जागी २० च झाले, तर यंत्र फेऱ्यांपेक्षा पुढे ढकललं जातंय. २२ ते २६ च्या आत असाल तर चाकावर एक रुपया घालू नका. माझ्याकडे 'इंजिन वीक आहे' म्हणून आलेल्या यंत्रांना मी आधी हीच चाचणी सांगतो, आणि बरेच जण त्यानंतर पुलीचा विषय काढत नाहीत.

आकडा बाहेर गेला तर आधी टायरची नक्षी बघा. यंत्राच्या मागे उभं राहून पाहिलं तर नक्षीचं टोक वर, घराच्या छपरासारखं दिसायला हवं. घाईत जोडलेल्या यंत्रांत डावं-उजवं चाक बदललेलं असतं. मग नक्षीत चिखल भरतो आणि टायर पाटीसारखा गुळगुळीत होतो. दोन्ही चाकं काढून अदलाबदल करायची, खर्च शून्य. मग हवा, दोन्हीकडे सारखी हवी, कमी असलेल्या बाजूला यंत्र ओढतं. त्यानंतर वजन. मी भंगारातले ब्रेक ड्रम किंवा जाड पत्र्याचे गोल तुकडे चाकाच्या आतल्या बाजूला बोल्ट करतो, एका चाकाला आठ ते दहा किलो. आतल्या बाजूला अशासाठी की बाहेर लावलं तर कपाशीच्या फांद्या घासतात आणि वळताना यंत्र अडतं. हँडलवर दगड बांधलेलेही मी बघितले आहेत. तिथे वजन टाकलं की रोटर खोल जातो आणि पुढची पकड आणखी सुटते.

लोखंडी चाक भारी काळीत, वाफशाच्या सीमेवर, खरंच कामाचं आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत त्याने हाताची वाट लागते, आणि डांबरी रस्त्यावरून नेता येत नाही. तुमची जमीन सगळी काळी असेल आणि शेत घराला लागून असेल तर घ्या. मधे एक किलोमीटर रस्ता असेल तर नका घेऊ, कारण रोज चाकं बदलायला कोणी बसत नाही.

मागच्या, कामाची खोली ठरवणाऱ्या दांडीबद्दल थोडं थांबतो, कारण इथे शेजाऱ्याचा सल्ला घात करतो. विडर दोन जातीचे असतात. चाकांच्या जागीच पाती असतात त्याला मागची खुंटी जितकी खोल रोवाल तितकं यंत्र अडतं आणि तितकं खोल खणतं. तुमच्या मागच्या रोटरीत उलट आहे. दांडी खाली केली की रोटर उचलला जातो आणि काम उथळ होतं. वर केली की खोल. शेजाऱ्याकडे पहिल्या जातीचं यंत्र असतं, तो सांगतो 'दांडी खाली कर, खोल जाईल', तुम्ही करता, यंत्र वरवर घासतं, तुम्ही हँडल दाबता आणि संध्याकाळी पाठ धरते. निंदणीला दोन ते तीन इंच खोली पुरे. पहिल्या फेरीत दोन इंच, माती मोकळी झाल्यावर पाहिजे तर दुसऱ्या फेरीत आणखी एक. एकाच दमात पाच इंच घालायला गेलात की इंजिन दबणारच. आणि कपाशी दोन महिन्यांची झाली की खोल जाऊच नका, अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या वरच्या थरात पसरलेल्या असतात.

पाती बघताना आधी स्पार्क प्लगची टोपी काढा. रोज काढत असाल तरी परत सांगतो. मग रोटर हाताने फिरवून प्रत्येक पात्याची धार फिरण्याच्या दिशेला आहे का बघा. डाव्या आणि उजव्या बाजूची पाती वेगळी असतात, आणि एखादं जरी उलट बसलं तरी ते पाठीने जमीन ठोकतं. तो ठोका थेट हँडलमध्ये येतो. तुमच्याकडे एल आकाराची पाती असतील. ती तणाला चांगली. भारी ओल्या रानात सी आकाराची, जास्त गोलाई असलेली पाती कमी भरतात आणि आत सहज शिरतात. हौस असेल तर एक जादा संच सी चा घेऊन ठेवा.

झिजलेल्या पात्यावर वेल्डिंगने भर घालू नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. बोरॉन स्टीलच्या पात्यांवर मी हौसेने हार्डफेसिंगची, म्हणजे वर कडक थर चढवायची, रॉड फिरवली. दोन दिवस मस्त चालली, तिसऱ्या दिवशी बोल्टच्या छिद्राजवळून एक पातं काचेसारखं तुटलं आणि त्याचा तुकडा केळीच्या खोडात चार इंच आत जाऊन बसला. खोड माझ्या पायापासून हातभर अंतरावर होतं. तापवलेलं कडक पोलाद ठिसूळ होतं, हे मला माहीत होतं, तरी केलं. तेव्हापासून झिजलेलं पातं बदलायचं, आणि बदलताना समोरासमोरची जोडी बदलायची म्हणजे तोल जात नाही. पातं किंवा पिन तुटली म्हणून तिथे जास्त कडक बोल्ट घालायचा मोहही टाळा. स्वस्त पिन तुटते म्हणून महाग गिअर वाचतो.

गवत गुंडाळतं त्यावर यंत्राचा उपाय अर्धाच आहे. तण बोटभर असताना फिरलात तर गुंडाळायला काही उरत नाही. गुडघाभर झाल्यावर कुठलंही पातं हरतं. रोटरच्या दोन्ही टोकांना, पात्यांच्या बाहेर, गोल पत्र्याची तबकडी लावली की वेली आणि लांब गवत दांड्याच्या सीलपर्यंत पोचत नाही, आणि रोपावर मातीही उडत नाही. ही सुधारणा करून घ्याच. मात्र शेतात हरळी, कुंदा किंवा लव्हाळा असेल तर त्या पट्ट्यात रोटर घालू नका. कांड्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला नवा कोंब येतो. तिथे निंदायला मजूर लावा.

लॅटरलचं सांगतो, कारण ठिबकच्या गावांत हे दुखणं सगळ्यांना आहे. १६ मिमीची नळी रोटरमध्ये गेली की दहा-पंधरा फूट ओढली जाते, आणि जोड देता देता दिवस जातो. मी १० मिमीची सळई घेतो, यंत्राच्या पुढच्या फ्रेमला चाकाच्या पुढे बाहेरच्या बाजूला जोडतो, आणि नांगराच्या फाळासारखी तिरपी मागे वळवून रोटरच्या तबकडीच्या बाहेर चार बोटं आणून सोडतो. जमिनीपासून उंची अर्धा इंच. टोकाला लोखंडी गोळी वेल्ड करतो किंवा टोक वर वळवतो, म्हणजे नळीला भोक पडत नाही. यंत्र पुढे गेलं की नळी रोपाच्या बुंध्याकडे सरकते. सळई फ्रेमला पक्की वेल्ड न करता एका बोल्टवर ठेवा. ढेकळाला अडकली तर वर उचलली जाईल. दोन्ही बाजूंना मिळून एका तासाचं काम आहे. बांधाला नळी वळते तिथे मात्र सळईच्या भरवशावर राहू नका, रोटर बंद करून हाताने उचला.

इथपर्यंतचा क्रम थोडक्यात: तेल आणि फिल्टर, मग खडूची चाचणी, मग चाक आणि दांडी, मग पाती आणि तबकड्या, मग सळई. आणि एका वेळी एकच बदल. एक लिटर पेट्रोलमध्ये कपाशीच्या किती ओळी झाल्या ते दारावर खडूने लिहा, बदल करा, परत मोजा. चार बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

आता तुमचे हात. ही तक्रार तुम्ही शेवटी लिहिली, पण मी ती पहिली धरली असती. मुंग्या येणं म्हणजे कंपनाने बोटांच्या बारीक नसा आणि रक्तवाहिन्या दुखावताहेत. युरोपात यासाठी २००२ चा निर्देश आहे. हाताला बसणारं कंपन आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाने उपाय करायचे, आणि ५ ही हद्द, त्यावर माणसाला राबवायचं नाही. आपल्या शेतात मालक आणि मजूर एकच, त्यामुळे कोण कोणाला अडवणार! पण त्या हिशेबातला एक भाग कामाचा आहे: कंपन दुप्पट झालं की चालणारा वेळ चौथाईवर येतो, आणि निम्मं केलं तर चौपट वेळ मिळतो. म्हणून थोडंसं कमी केलेलं कंपनही फार देऊन जातं.

ते कमी करायला आधी उगमाकडे जा. असमान झिजलेली पाती, इंजिनाचे चार ढिले बोल्ट, हँडलच्या दातेरी सांध्यातला ढिलेपणा. हँडल हाताने वरखाली हलवून टकटक आवाज आला तर तिथे झिजलेला वायसर आहे. मग हँडल जिथे गिअरबॉक्सला जोडलं आहे तिथे रबरी बुश टाका. मोटारसायकलच्या शॉकअपचे बुश कापून मी वापरतो. फार मऊ घेऊ नका, वळताना यंत्र डोलायला लागतं. त्यानंतर हँडलच्या नळीच्या दोन्ही टोकांत घट्ट बसणारा लोखंडी गट्टू, प्रत्येकी तीन-चारशे ग्रॅमचा. टोकाला वजन आलं की नळी थरथरायची कमी होते. काही यंत्रांत याने थरथर दुसऱ्या गतीवर सरकते, म्हणून आधी कापडात गुंडाळून ठोकून बघा आणि जमलं तरच पक्कं करा. सायकलची ट्यूब गुंडाळायची आपल्याकडे पद्धत आहे. तिने मूठ जाड होते, बोटं जास्त आवळावी लागतात, आणि जितकं आवळाल तितकं कंपन आत जातं. त्यापेक्षा बाजारात मिळणारी मऊ ग्रिप बरी. थ्रॉटल पाऊण ठेवा. निंदणीला पूर्ण लागत नाही.

हँडलची उंची कमरेएवढी, कोपर थोडा वाकलेला. माझ्याकडे पावणेसहा फुटांचा एक पोऱ्या आला होता, हँडल त्याच्या मांडीवर. एक दात वर केला, पैसे घेतले नाहीत. आठ दिवसांनी भरताची वांगी घेऊन आला. हँडल बाजूला वळत असेल तर एका दातावर वळवा आणि शेजारच्या ओळीतून चाला. निंदलेली माती तुडवली जात नाही आणि पाय पात्यांपासून लांब राहतात. अर्धा तास काम, दहा मिनिटं हात मोकळे. पौषातल्या पहाटे बोटांची टोकं पांढरी पडायला लागली तर मात्र मला विचारू नका, डॉक्टरांकडे जा.

हाताला आराम म्हणून क्लचची कळ दोरीने बांधून ठेवतात. तुम्ही बांधली असेल तर आज सोडा. ती कळ हात सुटला की रोटर थांबावा म्हणूनच आहे. कळ जड असेल तर केबलला तेल द्या, वळण मोठं करा, कळ लांब करा, बांधू नका. मागचा पत्रा मातीने भरतो म्हणून काढून टाकणं हाही तसलाच प्रकार. त्याच्या खाली जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा वीतभर रबरी पडदा लावा, ढेकूळ आणि दगड अंगावर येत नाहीत. आणि रिव्हर्स टाकताना रोटर आधी बंद. मागे जाताना ढेकळाला टाच अडकून मी एकदा बसलो, यंत्र माझ्याकडे येत होतं. बुटाचं टोक गेलं, अंगठ्याचं नख गेलं, पुढचं वाचलं. चप्पल घालून विडर चालवणाऱ्याला मी पार्ट विकतो, पण चार शब्द ऐकवूनच.

सीटचं सांगायचं तर मागे जोडायची दोन चाकी गाडी मिळते. मोकळ्या रानात, मका काढल्यावर, ठीक आहे. कपाशीत वळायला आठ-दहा फूट बांधावर जागा लागते आणि तिथेच तुमच्या ठिबकची सबमेन, म्हणजे लॅटरलना पाणी देणारी मोठी नळी, असते. तुमचं सत्तर-ऐंशी किलो वजन इंजिनालाच ओढायचं आहे, ते वेगळं. सहा एकर कपाशीसाठी मी घेणार नाही. छत्री तर नकोच. वारा आला की यंत्र डगमगतं आणि दांडा पुढचं रोप झाकतो. डोक्याला रुमाल बांधा, सकाळी सहाला सुरू करा, दहाला बंद. कानाला मफ किंवा प्लग लावा. कापसाचा बोळा घालतात, पण कापूस पिकवला म्हणून तो आवाज अडवत नाही.

अनुदानावर घेतलं असेल आणि मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन होणारी पाहणी, व्हायची असेल, तर तोवर इंजिन आणि चेसिसच्या नंबराच्या पट्टीला रंग, ग्राइंडर काही लावू नका. वॉरंटीच्या काळात फ्रेमला वेल्डिंगही नको. तबकड्या, सळई, वजन, सगळं बोल्टवर बसतं.

खडूची चाचणी करून दोन्ही ठिकाणचे आकडे, ओल्या रानातला आणि कडक जागेचा, आणि बेल्ट की गिअर एवढं कळवा. चाकाला किती किलो लावायचं ते त्यावरून सांगतो.